उन्हाळी सुट्टी आणि कुलूपबंद कपाट

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला, तिने वैशाखाच्या काहिलीतही श्रोत्यांना ज्ञानार्जनासाठी घराबाहेर काढले. त्या परंपरेचे स्मरण ठेवून आमच्या तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालयही दर उन्हाळ्यात हस्ताक्षरवर्ग, चित्रकला आणि कथाकथन असे उपक्रम मोठ्या हौसेने योजते, ही निःसंशय अभिनंदनीय गोष्ट होय. खेद वाटतो तो निराळ्याच कारणासाठी. ज्या पोराने कथाकथन ऐकून तीच गोष्ट वाचावयास मागितली, त्याला ‘पुस्तकावर अजून शिक्का पडायचा आहे’ असे उत्तर मिळते. नवी कोरी पुस्तके दाखलनोंद, वर्गीकरण आणि दप्तरी तपासणी यांच्या प्रतीक्षेत काचेच्या कपाटात कुलूपबंद राहतात, आणि ती बाहेर येईतो शाळा भरलेली असते! (किल्ली बहुधा चिटणीसांच्या घरी असते.)

१९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाने मान्यता आणि अनुदान यांची व्यवस्था लावून दिली, तेव्हा हिशेब चोख राहिला पाहिजे, हे मान्य. परंतु साताऱ्यातील भिलार या गावी २०१७ पासून घराघरांतून पुस्तके वाचकांसाठी खुली मांडलेली असतात, आणि स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या त्या गावकऱ्यांना जे साधले ते नोंदणीकृत संस्थेच्या कार्यकारी मंडळास दुष्कर का व्हावे? खरेदी माघ-फाल्गुनातच उरकून चैत्रात नोंदी पुऱ्या कराव्यात, आणि शिबिराच्या पहिल्याच दिवशी ते कपाट उघडावे.