परवाना आणि पात्रता

आमच्या बुऱ्हाणपुरात ज्याने यंत्रमाग विकत घेतला, तो त्याचा धनी झाला. मनास येईल तेव्हा तो माग त्यास विकता येतो. संगणकाच्या सॉफ्टवेअरचे तसे नाही. तेथे पैसे मोजून आपणांस मालकी नव्हे, केवळ वापराचा परवाना मिळतो. आणि परवाना म्हटला की अटी आल्याच.

'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तीवरून 'विंडोज ११'वर जाण्यास निराळे मूल्य पडत नाही. परंतु दोन कसोट्यांस उतरावे लागते. जुनी प्रत अस्सल परवान्याची हवी. आणि यंत्रात किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मान्य प्रोसेसर व 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-योजना हवी. शिवाय यंत्राबरोबर आलेला परवाना सामान्यतः त्याच यंत्रापुरता असतो. स्वतंत्रपणे घेतलेला मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो.

धडधाकट यंत्र केवळ नियमापायी अडगळीत पडावे, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. तथापि चोरीची प्रत हा त्यावर उपाय नव्हे. तीवर नवी आवृत्ती चढविली, तरी ती अस्सल ठरत नाही. खरा उपाय मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही चालतात, त्यांची प्रत मित्रास देणे हा गुन्हा नाही, आणि केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग वर्षानुवर्षे चोखाळला आहे. म्हणून विद्यार्थिमित्रहो, नवा संगणक मागण्यापूर्वी वडीलधाऱ्यांसमवेत परवान्याच्या अटी वाचा. कदाचित घरातला जुनाच पुरेसा ठरेल!