उंदराचे रक्त तपासता, माणसाचे कधी?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे मातीत गेली. पण धक्का तेवढ्यावर थांबला नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातही भूकंपाच्या धास्तीने लोक घरे सोडून पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. बंद घरांतल्या धान्यावर उंदीर पोसले गेले. रानातला उंदीर आणि घरातला उंदीर एकत्र आले, पिसवांना यजमान मिळाले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावात प्लेग निघाला. त्याची संगती अभ्यासकांनी अशीच लावली आहे. पुढच्याच महिन्यात सुरत हादरले.

प्लेगचा जंतू विषाणू नव्हे, जिवाणू आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रानातल्या लहान प्राण्याकडून माणसापर्यंतची वाट तीच.

ही वाट शोधणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत. वेल्लोरला १९६४ मध्ये साध्या चिचुंद्रीत एक नवा विषाणू सापडला. त्याला थोट्टापलायम हे नाव मिळाले. तो हंता कुळातला आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळे पकडली. त्यांच्यात निपाहच्या खुणा मिळाल्या. हे काम मोलाचे आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही. बाबासाहेबांची लेकरे विज्ञानाला पाठ दाखवत नाहीत.

आमचा प्रश्न वेगळा आहे. प्राण्याच्या अंगातला विषाणू कागदावर येतो, त्या प्राण्याच्या सर्वांत जवळ राबणारा माणूस कागदावर येतो का? मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतो कोण? गटारात उतरतो कोण? गोदामातली पोती झाडतो कोण? क्यासनूरचा माकडताप १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात ओळखला गेला. गोचीड तो पसरवते आणि उंदीर, चिचुंद्रीसारखे प्राणी त्याला जगवतात. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला, तेव्हा तापाने कोण फणफणले? जंगलाच्या कडेला, काजूच्या बागांत हातावर पोट भरणारे. बंगल्यातले नव्हेत!

जातीने ज्याला घाणीजवळ उभे केले, त्यालाच रोगाजवळही उभे केले. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. त्यांनी आधी माणूस उचलला.

आज सापळे लावून उंदीर-वटवाघळे तपासली जातात. त्याच गावात सफाई कामगार, ऊसतोड मजूर, मेंढपाळ यांचे रक्तही त्यांच्या संमतीने तपासावे आणि निकाल त्यांना मराठीत सांगावा, एवढी आमची मागणी आहे. मामल्यात आधी उंदीर पटापट मरून पडले होते. ते आधी दिसले ते तिथे राहणाऱ्यांनाच.