पायी शिकलेले नागरिकशास्त्र

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे आपल्याकडेही आहेत, हे ऐकून अनेकांच्या भुवया आजही उंचावतात. उभी हयात शाळेच्या फळ्यापुढे घालविलेल्या प्रस्तुत लेखकाच्या भुवयाही त्याला अपवाद नव्हत्या. तरीही अशाच चार कुटुंबांनी मध्यंतरी एका रविवारी मुंबईत ‘आपले राज्य’ हा एकच विषय घेऊन दिवसभराची पायपीट योजली आणि इतिहासाचा जुना शिक्षक म्हणून आम्हांस बरोबर बोलाविले, तेव्हा नाही म्हणवले नाही. नऊ मुले, त्यांचे आईवडील, एक ऐंशीच्या घरातील आजी, पोळीभाजीचे डबे आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक वही, असा तो लवाजमा होता. त्या दिवशी जे पाहिले त्यावरून शाळांतील नागरिकशास्त्राविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

प्रारंभ हुतात्मा चौकात झाला. रविवार असल्याने रहदारी बेताची होती. एका बाजूला १८६४ साली उभारलेले, फ्लोरा या रोमन देवतेचे कारंजे, आणि जवळच मशाल धरलेले कामगार व शेतकरी. परकी देवता आणि आपली माणसे शेजारी कशी आली, हा पहिला प्रश्न मुलांनी आपण होऊनच विचारला. दुसरा प्रश्न एका दहा वर्षांच्या मुलीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या कोठे १०५, कोठे १०६, तर कोठे १०७ अशी तिने घरी वाचली होती. ती म्हणाली, “सर, मेलेली माणसं नीट मोजता का नाही आली?” गोळीबार एकदाच झाला नव्हता, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला, असे आम्ही सांगू लागलो. तोच तिचा पुढचा प्रश्न आला. “गोळ्या कोणी झाडल्या?”

या प्रश्नापाशी आम्ही थबकलो, हे कबूल केले पाहिजे. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात एक वाक्य सांगत आलो : ‘हुतात्म्यांच्या बलिदानातून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले.’ वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यात गोळ्या झाडणाराच नाही. बलिदान जणू आपोआप घडले आणि राज्य आपोआप निर्माण झाले! वस्तुतः तेव्हाचे मुंबई सरकार परक्यांचे नव्हते. मुख्यमंत्री मोरारजी देसाई हे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले आणि लोकांनी निवडून दिलेल्या पक्षाचे पुढारी होते. स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी, आपल्या भाषेचे राज्य मागणाऱ्या स्वतंत्र भारताच्या नागरिकांवर गोळ्या झाडल्या, असे सांगितल्यावर मुले गप्प झाली. मग त्यांच्यातील थोरला मुलगा म्हणाला, “म्हणजे सरकार आपलं असलं तरी चुकू शकतं.” हे त्याला कोणी पढविलेले नव्हते. नागरिकशास्त्राचे अख्खे पुस्तक पाठ करूनही आमचे किती विद्यार्थी या वाक्यापर्यंत पोचले असतील, याची आम्हांस शंका आहे.

तेथून काळ्या घोड्यावरून रीगलपर्यंत चालत जाऊन मंडळी जुन्या कौन्सिल हॉलपुढे उभी राहिली. ही वास्तू मूळची नाविकांसाठी बांधलेली. म्हणून तिच्या माथ्यावरील त्रिकोणात सागरदेव नेपच्यून आणि त्याचे घोडे कोरलेले आहेत. १९२८ पासून ती कायदेमंडळाकडे होती. महाराष्ट्राचे विधिमंडळ १९८१ मध्ये नव्या विधानभवनात गेले आणि पुढे येथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आले. खलाशांची खाणावळ, मग कायदा, मग पोलीस, अशी नोंद एका मुलाने वहीत केली. येथेच एका पालकाने वि. स. पागे यांची गोष्ट सांगितली. पागे हे विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागण्याचा खेड्यातील माणसाला हक्क असावा, ही त्यांची कल्पना १९६५ साली तासगाव भागात प्रथम आजमावली गेली. १९७२ च्या दुष्काळात तिला बळ मिळाले आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. देशाच्या संसदेने अशा आशयाचा कायदा केला तो २००५ मध्ये! राज्याचे विधिमंडळ म्हणजे दिल्लीची धाकटी पाती नव्हे, हे समजावण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

विधान परिषदेवरून ओघानेच शिक्षकांच्या सात जागांचा विषय निघाला. “शिक्षकांना वेगळे आमदार कशाला?” असे मुलांनी विचारले. आम्ही या मतदारसंघात कैक वर्षे मतदान केलेले. पण वर्गात ही गोष्ट सांगितल्याचे आठवेना. शिवाय हा हक्क माध्यमिक व त्यावरील शिक्षकांनाच आहे. ज्याच्या हाताखाली मूल पहिली अक्षरे गिरविते त्या प्राथमिक शिक्षकाला तो नाही, हे सांगताना मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसले त्याला उत्तर देणे कठीण होते. घटनेच्या १७१ व्या कलमाचा आधार देऊन आम्ही वेळ निभावून नेली.

दुपारी डबे उघडले तेव्हा आजी बोलू लागल्या. जन्म परभणीकडचा. त्यांचे बालपण निजामाच्या राजवटीत सुरू झाले. सप्टेंबर १९४८ नंतर त्या भारतातील हैदराबाद राज्याच्या झाल्या, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या आणि १९६० मध्ये महाराष्ट्राच्या. “घर तेच, अंगण तेच; कचेरीवरच्या पाट्या तेवढ्या बदलत गेल्या,” असे त्या म्हणाल्या. कोणत्या बदलाने काय फरक पडला, असे नातवाने विचारताच त्या म्हणाल्या की, शाळेत मराठी आली हा. राज्यपुनर्रचना आयोगावरील आमचे आजवरचे सर्व टिपण या एका उत्तरापुढे फिके आहे.

आता या कौतुकाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या कुटुंबात आईबापांपैकी एकाला घरी राहणे परवडते, पुस्तके विकत घेता येतात, त्यांनाच हे शक्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला, तो ज्यांना असे घर नाही त्यांच्यासाठी. आणखी एक गोष्ट खटकली ती त्या पालकांना आम्ही तोंडावर सांगितली. राज्य कसे बनले हे शिकविण्यासाठी ते मुलांना चौकात आणतात. परंतु ज्या वर्गात शेतमजुराचा, शिपायाचा आणि व्यापाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसतो, त्या वर्गापासून त्यांना दूर ठेवतात. दुसऱ्याच्या मुलाशी भांडल्यावाचून आणि समेट केल्यावाचून नागरिक कसा घडावयाचा? एका मातेने यावर शांतपणे विचारले, “तुमच्या शाळेनं मुलांना शेवटचं इथं कधी आणलं होतं?” आम्ही निरुत्तर झालो.

शाळांच्या सहली निघतात, नाही असे नाही. परंतु त्या बव्हंशी जलक्रीडेच्या उद्यानांकडे वळतात. याचा सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परवानग्या, बसभाडे, साठ मुलांची जबाबदारी आणि वर पाठवावयाची माहिती यांतून तो मोकळा केव्हा होणार? गंमत अशी की, राज्ययंत्रणा आतून पाहिलेला त्याच्याइतका माणूस दुसरा नाही. शिक्षण हक्काच्या कायद्याने इतर अशैक्षणिक कामे वगळली, तरी जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका त्याच्याकडे ठेवल्याच. मतदानकेंद्रावर रात्र काढलेला हाच शिक्षक सकाळी वर्गात येऊन ‘विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८’ एवढेच लिहून देतो.

आणि यासाठी मुंबईच गाठली पाहिजे, असेही नाही. पोलीस, जमीन, सार्वजनिक आरोग्य हे विषय घटनेने राज्याकडे दिलेले आहेत. शिक्षणही १९७६ पर्यंत राज्याकडेच होते, नंतर ते समवर्ती सूचीत गेले. मुलाच्या घराला रोज स्पर्श करणारे सरकार हे आहे आणि त्याची दारे प्रत्येक तालुक्याला आहेत. तहसील कचेरीत एखाद्या कारकुनाने अर्धा तास काढून सातबारा म्हणजे सात व बारा क्रमांकाचे दोन नमुने कसे, आणि बापाच्या नावाखाली मुलीचे नाव फेरफाराने कसे चढते, एवढे समजावले तरी पुष्कळ झाले. अनेकांना हे आवडीने सांगावयाचे असते. विचारणारा येत नाही. पंचायत समितीच्या दारात उभे राहून, जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजीच का सुरू झाल्या, ही तारीख कोणाला आठवण करून देण्यासाठी निवडली, हे मुलांना विचारता येईल. मराठवाड्यातील शाळेला तर आजीआजोबाच पुरेत. मात्र तो स्मृतींचा ठेवा आता फार वर्षे टिकणारा नाही.

सायंकाळी मादाम कामा मार्गाने मंत्रालयावरून मंडळी विधानभवनाशी आली. आत जाण्याची परवानगी आधी काढलेली नव्हती, ही आमचीच चूक; तेव्हा मुलांनी ते बाहेरूनच पाहिले. हिवाळी अधिवेशन नागपुरास का भरते, हे सांगताना १९५३ च्या नागपूर कराराचा विषय निघाला आणि तेथल्या तेथे पुढचा बेत ठरला. आजींनी आपणही येणार असे जाहीर करून टाकले. या खेपेस घरी शिकणाऱ्या नऊ मुलांबरोबर आमच्या जुन्या शाळेतील नववीची एक तुकडी यावी, असे त्या मातेनेच सुचविले. मुख्याध्यापकांना तसे पत्र लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.