पहाऱ्याने माणूस आपला होत नाही

युरोपात कुणी गर्दीत ट्रक घातला किंवा चाकू चालवला, की दुसऱ्याच दिवशी एक सवाल हमखास कानी येतो: स्थलांतरितांना भाषा शिकवा, घर द्या, नोकरीला लावा, यावर इतका खर्च केला, तो पाण्यातच गेला ना? डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारावरील हल्ल्यात तेरा जणांचे प्राण गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेन शहराच्या उत्सवात तिघांना भोसकून मारण्यात आलं. दोन्ही हल्लेखोर आश्रय मागायला आलेले होते. ज्यांची माणसं गेली त्यांच्या संतापाशी वाद घालण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्या संतापाच्या आडून जे निष्कर्ष काढले जातात, त्यांचा समाचार घेतलाच पाहिजे.

पहिला निष्कर्ष असा की, ही माणसं मिसळायलाच तयार नसतात. आता जर्मनीचाच इतिहास पाहू. ऑक्टोबर १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. कारखान्यांना आणि खाणींना माणसं हवी होती. आलेले कामगार काही वर्षं राबतील आणि परत जातील, असं सरकारने गृहीत धरलं. त्यामुळे त्यांना जर्मन शिकवण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही. १९७३ मध्ये भरती बंद झाली, तरी लाखो लोक तिथेच राहिले, त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. कायद्याने बांधलेला देशव्यापी एकात्मता अभ्यासक्रम मात्र सुरू झाला जानेवारी २००५ मध्ये, करारानंतर त्रेचाळीस वर्षांनी. तोवर कामगारांची एक अख्खी पिढी निवृत्तीला आली होती. आज त्या अभ्यासक्रमात साधारणपणे भाषेच्या सहाशे तासिका असतात आणि देशाचे कायदे, इतिहास, रीतिरिवाज यांच्या शंभर. सुरुवातीपासून वीस लाखांहून अधिक लोक त्यात दाखल झाले आहेत. सोय झाली तशी माणसं आली. चार दशकं दार लावून ठेवायचं आणि मग आत का आला नाहीत म्हणून दरडावायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

दुसरा निष्कर्ष असा की, कार्यक्रम असूनही हल्ले होतात, म्हणजे कार्यक्रम कुचकामी आहेत. इथे तपशिलात शिरायला हवं. बर्लिनच्या हल्लेखोराचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला होता, तो धोकादायक असल्याची पोलिसांकडे नोंद होती आणि कागदपत्रांअभावी त्याची परत पाठवणी रखडली होती. झोलिंगेनच्या हल्लेखोराला नियमानुसार बल्गेरियाला पाठवायचं होतं. न्यायला माणसं गेली तेव्हा तो सापडला नाही, आणि मुदत टळून गेली. या दोन्ही घटनांत चूक घडली ती परत पाठवणीच्या आणि पोलिसांच्या यंत्रणेत. तिचा दोष भाषेच्या वर्गावर टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट घडवणाऱ्या चौघांपैकी तिघांचा जन्म ब्रिटनमधला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोपनहेगनमध्ये दोघांचे जीव घेणारा तरुण डेन्मार्कमध्येच जन्मला होता आणि दोनच आठवड्यांपूर्वी तुरुंगातून सुटला होता. तो कट्टरतेकडे झुकतो आहे, असा इशारा तुरुंग प्रशासनाने आधीच दिलेला होता. आपल्याकडे २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण इराकमार्गे ‘आयसिस’कडे गेले. तेही कुठून स्थलांतर करून आलेले नव्हते, आणि त्यांच्यात अभियांत्रिकीचा विद्यार्थीही होता. भाषा येत होती, शिक्षण होतं, तरीही पाय घसरला. म्हणून ‘भाषा शिकवा, दहशतवाद थांबेल’ असं सांगणारे या कार्यक्रमांचे समर्थकही चुकतातच. भाषेच्या वर्गाकडून बॉम्ब थांबवण्याची अपेक्षा धरली, की पहिल्याच स्फोटाला तो वर्ग नापास ठरतो.

तिसरा आक्षेप विरुद्ध दिशेने येतो. हे सगळे कार्यक्रम म्हणजे मुसलमानांवर ठेवलेली पाळत आहे, असं अनेक कार्यकर्ते म्हणतात. हा आक्षेप उडवून लावता येत नाही, कारण ब्रिटनने त्याला पुरावा पुरवला आहे. बर्मिंगहॅममध्ये स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या मुस्लिमबहुल भागांत २०१० मध्ये दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. रहिवाशांना सांगण्यात आलं की, हे गुन्हेगारी रोखण्यासाठी आहे. पैसा आला होता दहशतवादविरोधी निधीतून. गोष्ट उघडकीस आल्यावर लोक खवळले, पोलिसांना माफी मागावी लागली आणि २०११ मध्ये ते कॅमेरे काढावे लागले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने दहशतवाद रोखण्यासाठीच्या आपल्या ‘प्रिव्हेंट’ धोरणाचा फेरआढावा घेतला आणि लोकांना समाजात सामावून घेण्याचं काम व दहशतवाद रोखण्याचं काम यांची आधी गल्लत झाली होती, हे मान्य केलं. मात्र ही गल्लत झाली म्हणून दोन्ही कामं सोडून द्यावीत, असं ठरत नाही. ती वेगळी करावीत, एवढंच त्यातून ठरतं. आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे.

भाषा, शाळा, रोजगार आणि घर हे देशात रीतसर राहणाऱ्या प्रत्येक नवागताला हक्क म्हणून मिळालं पाहिजे. त्यामागे संशय असता कामा नये. आणि ज्या मोजक्या मुलांबद्दल खरोखर काळजी वाटते, त्यांच्यासाठी वेगळी, जाणती, दीर्घकाळ टिकणारी सोबत पाहिजे. पहिलं काम शिक्षकाचं आणि नगरपालिकेचं, दुसरं प्रशिक्षित मोजक्या लोकांचं.

हे दुसरं काम कसं करतात, ते डेन्मार्कमधल्या ऑर्हस शहरात पाहायला मिळतं. तिथे शाळा, समाजसेवा विभाग आणि पोलीस यांनी एकत्र बसून वाट चुकलेल्या मुलांचा विचार करण्याची पद्धत दहशतवादाचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. २००७ पासून तीच पद्धत कट्टरतेकडे झुकणाऱ्या मुलांसाठी वापरली जाऊ लागली. नाव बदलून प्रसिद्ध झालेली तिथल्या एका सोमाली कुटुंबातल्या मुलाची हकीकत बोलकी आहे. वर्गात इस्लामवरून वाद झाला, तो रागाच्या भरात काहीबाही बोलला, तक्रार पोलिसांपर्यंत गेली, घराची झडती झाली. त्या गडबडीत त्याची परीक्षा बुडाली. हा देश आपला नाहीच, असं त्याच्या मनाने घेतलं आणि देश सोडून जाण्याची भाषा करणाऱ्या मित्रांत तो रमू लागला. पुढे पोलीस खात्यातून त्याला फोन आला. भेटायला बोलावलं, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि एका मार्गदर्शकाशी त्याची गाठ घालून दिली. हा मार्गदर्शकही मुस्लिम होता, डेन्मार्कमध्येच स्थिरावलेला. दोघांच्या भेटी होत राहिल्या, वाद झडत राहिले, आणि तो मुलगा परतला.

ऑर्हसहून २०१३ पर्यंत तीसएक तरुण सीरियाच्या युद्धात गेले होते. त्यानंतर ही संख्या एकदोनांवर आली. सगळं श्रेय या एका उपक्रमाला देणं बरोबर नाही, कारण त्या काळात युद्धाचं चित्रही बदललं. पण ज्या मशिदीत त्यांच्यापैकी बरेच जण जात होते, तिच्याशी पोलिसांनी संवाद तोडला नाही. परतलेल्यांपैकी ज्यांनी गुन्हा केला असेल त्यांना न्यायालय, बाकीच्यांना शिक्षण, घर आणि समुपदेशन, असा सरळ हिशोब ठेवला. याला मवाळपणा म्हणणाऱ्यांनी हा हिशोब नीट वाचावा.

बेल्जियममधलं मेखेलेन हे पहिल्या कामाचं उदाहरण. शंभराहून अधिक देशांतून आलेली माणसं राहणारं हे छोटं शहर एकेकाळी गुन्हेगारीसाठी बदनाम होतं. २००१ मध्ये महापौर झालेल्या बार्त सोमर्स यांनी पोलीस वाढवले, कॅमेरे लावले, रस्ते स्वच्छ केले. पण ते कॅमेरे एका धर्माच्या वस्तीवर रोखलेले नव्हते, सगळ्या शहरासाठी होते. त्याचबरोबर नवागत आणि जुना रहिवासी यांच्या जोड्या जमवल्या, भेटीगाठींतून भाषेचा सराव घडवला. मध्यमवर्गीय पालकांना मुलं वस्तीतल्या मिश्र शाळेत घालायला राजी केलं. शेजारच्या फिलव्होर्देहून वीसहून अधिक तरुण सीरियाला गेले, त्या काळात मेखेलेनहून कुणी गेल्याची नोंद नव्हती. कायद्याचा धाक आणि आपुलकी यांच्यात एकाची निवड करावी लागते, हा समज मेखेलेनने खोटा पाडला.

आणि डेन्मार्कने काय केलं? ऑर्हसमध्ये एक वाट दाखवली आणि देशाच्या कायद्यात दुसरीच धरली. २०१८ च्या ‘समांतर समाज’ कायद्यांनी वस्त्यांची यादी करताना रहिवाशांचं ‘अपाश्चात्त्य’ मूळ हा निकष लावला. अशा वस्त्यांतल्या वर्षभराच्या बाळांना आठवड्याला पंचवीस तास पाळणाघर सक्तीचं केलं, नाहीतर आईबापांचा भत्ता बंद. ऑर्हसच्याच गेलेरुप वस्तीत इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या मुलाने पोलिसांच्या फोनवर विश्वास ठेवायचा की आपलं घर पाडणाऱ्या बुलडोझरवर?

हा प्रश्न आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तरुणांना आधी जर्मन शिकवायचं ठरवलं. हा शहाणपणा योग्यच. आपल्या मुलांना भाषेची तयारी हक्क म्हणून मिळावी असं आपल्याला वाटतं. त्यांच्याकडे संशयाने पाहिलं तर आपल्याला राग येईल. मग सीरियातून किंवा सोमालियातून आलेल्यांसाठी आपला न्याय वेगळा का असावा?

म्हणून आग्रह एवढाच: हल्लेखोराला शिक्षा व्हावी, परत पाठवणीचे नियम काटेकोर पाळावेत, धोक्याच्या इशाऱ्यांकडे काणाडोळा नको. पण भाषेच्या वर्गाचा पैसा कापून त्याचे कॅमेरे घेऊ नका, आणि शिक्षकाला खबऱ्या बनवू नका. शिक्षकावरचा विश्वास उडाला, तर जो मुलगा वेळीच बोलला असता, तो गप्प बसेल.