समुद्रातले तेल आणि शिवारातला युरिया

मंडळी, ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना किंवा युरियाचे पोते उचलताना समुद्रातल्या तेलविहिरी कुणाला आठवत नाहीत. पण नाते जवळचे आहे. डिझेल खनिज तेलातून निघते, तर युरियासाठी लागणारा अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना या वायूवरच चालतो.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. १९७६ पासून ते बाहेर येऊ लागले. पण उपसा वाढला की विहीर खाली जाते, तसेच जुन्या तेलक्षेत्रांचे झाले. २०११-१२ साली देशात सुमारे ३८० लाख टन कच्चे तेल निघाले. २०२३-२४ साली ते २९० लाख टनांच्या आसपास आले. गरजेच्या शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग परदेशातून येतात.

म्हणून आता शोध खोल समुद्रात चालला आहे. २०१६ च्या धोरणाने कंपन्यांना शोधाचे क्षेत्र स्वतः निवडण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रातून नवे तेल सुरू झाले. मात्र प्रत्येक बोअरला पाणी लागत नाही. इथेही तेच, आणि खर्च कोटींचा. शिवाय देशातल्या तेलाचा भावही जगाच्या बाजारावरच ठरतो.

तेव्हा नव्या विहिरीची बातमी ऐकून डिझेल स्वस्त होईल या भरवशावर राहू नका. माती तपासून मोजका युरिया, जोडीला शेणखत आणि ताग-धैंचा, एवढे मात्र आपल्या हाती आहे.