चवीची चाड

मद्य या विषयावर वृत्तपत्राने अग्रलेख लिहावयाचा म्हटला की वाचकांची अपेक्षा ठरलेली असते. एक तर अबकारी खात्याच्या महसुलाची चर्चा व्हावी, नाहीतर व्यसनापायी उद्ध्वस्त झालेल्या संसारांविषयी हळहळ व्यक्त व्हावी. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत आणि दोहोंवर आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि तिच्याकडे राज्यकर्त्यांचे, विक्रेत्यांचे, इतकेच काय पिणाऱ्यांचेही लक्ष क्वचितच जाते. ती गोष्ट म्हणजे चव. काजूचा हंगाम सरत आला आणि उर्राक आता थोड्याच दिवसांची सोबती उरली की या विषयाला वाचा फोडण्यास योग्य वेळ आली असे समजावे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. जो पीत नाही त्याने प्यावे असे सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. ‘एकच प्याला’ पाहून ज्या पिढ्यांनी डोळे पुसले त्यांतलेच आम्ही आहोत. गडकऱ्यांच्या तळीरामाचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले, ते उगाच नव्हे. घटनेच्या 47 व्या कलमाने मद्याविषयी शासनावर जी जबाबदारी टाकली आहे तिचीही आम्हांस जाणीव आहे. परंतु जे राज्य मद्य गाळू देते, विकू देते आणि त्यावर कर घेते, त्या राज्यात निदान ते मद्य चांगले असावे, त्याचे कुळमूळ कळावे आणि पिणाऱ्याने ते डोळसपणे प्यावे, एवढी अपेक्षा बाळगणे गैर ठरू नये.

या बाबतीत युरोपातील एका छोट्या गावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आज झेक प्रजासत्ताकात असलेले प्लझेन हे बोहेमियातील गाव. 1838 साली तेथील नागरिकांनी बिअरची 36 पिंपे नगरसभागृहासमोर भर रस्त्यात ओतून दिली. कारण एवढेच, की ती बिअर बिघडलेली होती. त्यांनी नुसता निषेध करून हात झटकले नाहीत. गावात बिअर गाळण्याचा परंपरागत हक्क असलेल्या कुटुंबांनी एकत्र येऊन सामाईक कारखाना उभारला, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कसबी माणूस आणला आणि 1842 च्या ऑक्टोबरात त्याने पहिली बिअर तयार केली. प्लझेनचे मृदू पाणी, हलक्या आचेवर वाळवलेला सातूचा माल्ट, जवळच्याच झाटेत्स भागातील सुगंधी हॉप्स आणि थंड तळघरात सावकाश होणारे किण्वन यांच्या मेळातून सोनेरी रंगाचे, नितळ आणि किंचित कडवट असे एक नवे पेय जन्माला आले. तेच पिल्सनर. आज जगभर जी बिअर खपते तिच्यातील बहुतांश याच वंशातील आहे. एका गावाने चवीच्या बाबतीत तडजोड नाकारली, त्याचे हे फळ!

बिअर हे पेय तसे पाहिले तर अत्यंत साधे. सातू, हॉप्स, पाणी आणि यीस्ट या चार गोष्टींत त्याचा संसार आटोपतो. बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी 1516 साली केलेल्या प्रसिद्ध कायद्यात तर तीनच जिन्नसांचा उल्लेख होता. यीस्ट नावाचा सजीव हे सारे घडवून आणतो, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. पुढे पाश्चरने 1876 साली बिअरवर ग्रंथच लिहिला आणि 1883 साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सेन याने यीस्टचा शुद्ध वाण वेगळा काढला. परंतु चारच सुरांतून किती राग निघावेत याला मर्यादा नाही. इंग्लंडातील बर्टन गावचे पाणी जिप्समयुक्त, जड. म्हणून तेथील पेल एल कडवट आणि खणखणीत. डब्लिनची स्टाउट भाजलेल्या सातूमुळे काळीभोर, कॉफीची आठवण करून देणारी. बव्हेरियाची गव्हाची बिअर गढूळ दिसते, पण तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि तिच्यात केळे वा लवंग मात्र औषधालाही नसते. ही सारी यीस्टची किमया. बेल्जममध्ये ब्रुसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात तर लाम्बिक नावाची बिअर हवेतल्या रानटी यीस्टवर सोडून देतात आणि लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवतात. आंबटढाण अशी ती बिअर पहिल्या घोटाला नवख्याचे तोंड वाकडे करते, पण जाणकार तिच्यावर जीव टाकतात. बेल्जमच्या या बिअर-संस्कृतीला 2016 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या हातांच्या बिअर चाखून पाहण्यात रसिकांना जो आनंद वाटतो तो निरनिराळ्या घराण्यांची गायकी ऐकण्याच्या आनंदाहून फार वेगळा नाही. असा रसिक पेला भरला की प्रथम रंग पाहतो, मग वास घेतो आणि मग लहानसा घोट जिभेवर घोळवतो. ती बर्फासारखी थंडगार असून त्याला चालत नाही, कारण अति थंडीने जीभ बधिर होते आणि चव मरते. आवडती बिअर कोणती, असे त्याला विचारले तर तो एक नाव सांगून गप्प बसत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी कोणती, पावसाळी रात्री कोणती, तळलेल्या बांगड्याबरोबर कोणती, असे तारतम्य तो सांगू लागतो. आणि असा माणूस सहसा थोडकेच पितो. ज्याला चव हवी त्याचे काम दोन पेल्यांत होते. ज्याला केवळ झिंग हवी त्याला किती पेले पुरतील याचा हिशेब नसतो. चवीची चाड हा संयमाचाच एक प्रकार आहे, असे आमचे मत आहे.

ही चाड संघटित झाली म्हणजे काय घडते हे ब्रिटनमध्ये दिसले. युद्धोत्तर काळात तेथील मोठ्या कंपन्यांनी पिंपातच सावकाश मुरणारी जुन्या पद्धतीची एल मागे सारून गाळलेली, निर्जंतुक केलेली आणि वायूच्या दाबाने फसफसणारी एकसुरी बिअर सर्वत्र लादण्यास सुरुवात केली. 1971 साली चार ब्रिटिश तरुणांनी तिच्याविरुद्ध चळवळ उभारण्याचा संकल्प सोडला. ‘कॅम्रा’ या नावाने ती चळवळ प्रसिद्ध आहे. तिने ग्राहकांना जागे केले, सभासद मिळवले, जत्रा भरवल्या आणि मरणपंथाला लागलेली एल वाचवली. सरकारने हे काम केले नाही. पैसे मोजून पिणाऱ्या सामान्य नागरिकांनी ते केले. चळवळीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हांसारख्यांना याचे विशेष अप्रूप वाटते.

आपल्याकडे काय दिसते? बिअर या देशात इंग्रजांच्या काळी आली. एडवर्ड डायरने हिमालयाच्या कुशीत, कसौलीला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बिअरचा कारखाना काढला. तेव्हापासून बिअर येथे रुळली, पण तिच्याविषयीची जाण रुळली नाही. देशात आज खपणाऱ्या बिअरमध्ये ‘स्ट्राँग’ म्हणविणाऱ्या बिअरचे प्राबल्य आहे, याचा अर्थ गिऱ्हाईक पैशाच्या मानाने झिंग किती मिळते एवढेच पाहते. गोव्यात तर स्वस्त मद्याचे गाव म्हणून ज्यांना येथे आणले जाते त्यांचा धुडगूस आपण किनाऱ्यांवर पाहतोच. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा वाळूत इतक्या साचल्या, की 2019 साली पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणाऱ्यांना दंड करण्याची तरतूद कायद्यात करावी लागली. अलीकडच्या काही वर्षांत मात्र गोव्यात छोट्या प्रमाणावर, कसोशीने बिअर गाळणारे तरुण पुढे आले आहेत. त्यांची नावे येथे घेत नाही, कारण अग्रलेख ही जाहिरात नव्हे. पण जुन्या पिढीतील ज्यांना ‘किंग्ज’च्या आखूड बाटलीची अजून आठवण येते, त्यांनी या नव्या प्रयत्नांकडे कौतुकाने पाहण्यास हरकत नाही.

तथापि आमचा मुख्य मुद्दा पुढेच आहे. बेल्जमच्या रानटी यीस्टचे कौतुक करणाऱ्या आपल्याला आपल्या अंगणातील भट्टीचे काय? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू गोमंतकाच्या डोंगरांनी असा काही आपला केला, की तो परका होता हे कोणाला खरे वाटू नये. झाडावरून आपोआप गळून पडलेले पिकले बोंडूच वेचायचे, तोडायचे नाहीत, हा पहिला नियम. कोळंबीत ते तुडवायचे, रस काढायचा, चोथ्यावर वजन ठेवून निथळणारा गोड नीरो वेगळा धरायचा. उरलेला रस ना साखर, ना विकतचे यीस्ट, नुसत्या फळाच्या आणि हवेच्या अंगच्या गुणाने तीनएक दिवस आंबतो. सेन नदीच्या खोऱ्यात जे चालते तेच येथे सत्तरीच्या आणि काणकोणच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे! मग भाण चुलीवर चढते. पहिल्या धारेची ती हलकी, फळांच्या वासाची उर्राक. तिच्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी. तिचा जोर आजही जुने लोक ‘ग्राव’मध्ये मोजतात. त्याहीपूर्वीपासून माडाची फेणी आहेच. रेंदेराने पहाटे माडावर चढून उतरवलेल्या सुरेपासून ती होते आणि तिची चव काजूच्या फेणीहून सर्वस्वी निराळी, सौम्य असते.

हे मद्य आमच्या घरांत केवळ मद्य म्हणून राहिले नाही. सर्दीपडशाला छातीवर चोळण्यासाठी ते सोवळ्यातल्या घरीही एका कोपऱ्यात असे. राखणदाराला सोरो-रोट ठेवण्याची रीत कित्येक गावांत अजून पाळली जाते. ज्याला देवाच्या दारीही स्थान आहे त्या पेयाला सरकारदरबारी मात्र दीर्घकाळ ‘देशी दारू’ या एकाच शिक्क्याखाली कोंबण्यात आले. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 साली राज्याने फेणीला वारसा-पेयाचा दर्जा दिला, 2021 साली फेणीचे धोरणही जाहीर झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु बिरुदांनी भट्टी पेटत नाही. माडावर चढणारे हात कमी होत आहेत. काजूची रखवाली, बोंडू वेचणे आणि रात्रभर भट्टीपाशी जागणे या कष्टांचा मोबदला मिळत नाही म्हणून मुले या धंद्यात उतरत नाहीत. त्यात जो गूळ-साखर आणि बाहेरचा मद्यार्क मिसळून ‘फेणी’ विकतो तो स्वस्तात विकू शकतो आणि प्रामाणिक भट्टीवाला मागे पडतो. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हुसकते, तो न्याय येथेही लागू आहे.

म्हणून आमच्या काही स्पष्ट सूचना आहेत. फेणीच्या प्रत्येक बाटलीवर गावाचे नाव, भट्टीवाल्याचे नाव आणि हंगामाचे वर्ष छापणे सक्तीचे असावे. पेडण्याची फेणी आणि काणकोणची फेणी यांत फरक असेल तर तो गिऱ्हाइकाला कळू द्यावा. तो फरक हाच तिचा खरा दागिना आहे. भेसळीच्या तपासणीची सोय भट्टीवाल्याला परवडेल अशा दरात तालुक्याच्या ठिकाणी हवी. काजूच्या विभागांची दरवर्षी होणारी पावणी केवळ अधिकाधिक बोलीचा खेळ न राहता तीत वर्षानुवर्षे निर्भेळ माल देणाऱ्याच्या लौकिकालाही वजन मिळावे. आणि माडाच्या फेणीलाही भौगोलिक मानांकन मिळवून देण्यासाठी शासनाने कंबर कसावी, कारण काजू येण्यापूर्वीपासूनचा तो आपला वारसा आहे.

सरकारला एवढे सुनावून नागरिकांची सुटका होत नाही. पिणाऱ्याने आपण काय पितो हे विचारावयास शिकले पाहिजे. तावेर्नात बसून ‘ही कुठल्या गावची?’ असा साधा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी केला, तर अकराव्या दिवशी दुकानदाराला उत्तर शोधून ठेवावे लागेल. बनावट माल पुढे आला तर तो परत करण्याइतका ताठा गिऱ्हाइकात हवा. 1961 च्या डिसेंबरात गोमंतक मुक्त झाला तो येथील माणसाने आपल्या भूमीचे बरेवाईट स्वतः ठरवावे म्हणून. या भूमीचे फळ, या भूमीची हवा आणि येथल्या माणसाचे कसब एका पेल्यात उतरते, त्याची पारखही येथल्याच माणसाने करावयाची आहे. ती पारख आपण केली नाही, तर उद्या फेणीची भट्टी संग्रहालयात पाहावी लागेल आणि तिच्या शेजारच्या दुकानात फेणी या नावाखाली काय मिळेल, याची कल्पनाही करवत नाही.