खुंटी कुठे गेली?

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन आमच्या वाट्याला आलं, आणि दर हिवाळ्यात गावाला रंगरंगोटीचा झटका येऊ लागला. आमदार निवासाचं सोडा, सीताबर्डीवरचे लॉजवालेसुद्धा त्या लाटेत!

मे महिन्यात व्याह्यांना अशाच एका लॉजवर उतरवलं. (नाव सांगत नाही, मालकाचं खातं आमच्याच बँकेत.) सागवानी पलंग जाऊन सनमायक्याचा डबलबेड आलेला, उशाशी आरसा. गादी मात्र जुनीच, मधोमध खड्डा पडलेली. कूलरचा वाळा दोन उन्हाळे बदललेला नाही. आणि खुंटी गायब.

"साहेब, खुंटीनं इंटिरिअर बिघडते ना!" मॅनेजर म्हणाला.

अहो, ४५ अंशांत घामेजलेला सदरा काय झुंबराला टांगायचा? गिऱ्हाईक खोली बघायला येत नाही हो, झोपायला येतं!

व्याह्यांना घरी आणलं. ते आमच्या खुंटीला सदरा अडकवून घोरतायत, मी गच्चीवर.